पाठमोरी बाई

मार्च महिन्यात आमच्या घरात माणसांच्या आधी वासरांची सोय बघितली जाते. एकशे चाळीस गाई, त्यातल्या बावीस पहिलटकर कालवडी, आणि निस्तरायला माणसं दोन. त्यातलं एक माणूस, म्हणजे माझी बायको आर्डिस, यंदा अर्धंच माझ्या वाट्याला आलं होतं. उरलेलं अर्धं कॉलेजने स्वयंपाकघरातल्या टेबलाला बांधून ठेवलं होतं.

आर्डिस शिक्षक घडवते. ज्यांना पुढे शाळेत मास्तर किंवा बाई व्हायचंय, त्यांना वर्गात उभं कसं राहायचं ते ती शिकवते. एकतीस वर्षं ती अठ्ठेचाळीस मैल गाडी हाकत कॉलेजात गेली. बर्फात गेली, पोटुशी असताना गेली, माझ्या बापाच्या मयताचा दुसरा दिवस सोडून तिसऱ्या दिवशी गेली. मग दोन वर्षांपूर्वी कॉलेजने तो सगळा अभ्यासक्रमच ऑनलाइन करून टाकला. त्यांचं तसं चुकलं म्हणता येणार नाही. निम्मे विद्यार्थी रँचवरचे, कुणी शंभर मैलांवर तर कुणी दीडशे, हिवाळ्यात येणार कसे? पण आर्डिसच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

"पोहणं शिकवायचं आणि पाणी मात्र दाखवायचं नाही, असं चाललंय," ती म्हणायची.

तिची स्वतःची एक रीत होती. नवशिक्या बाईचा वर्ग बघायला गेली की ती मागच्या भिंतीशी बसायची नाही. लहान पोरांच्या खुर्चीत, पोरांच्या मध्ये बसायची, आणि बाईकडे न बघता बाकाखाली पोरांचे पाय बघायची. तोंडाने पोरं खोटं बोलतात, पायांनी नाही, असं तिचं ठाम मत. कंटाळलेला पाय वेगळा हलतो, म्हणे, आणि विचारात पडलेला वेगळा. त्या पायांवरून ती पास-नापास ठरवायची आणि तिचा निकाल आजवर कुणी खोडून काढला नव्हता.

आता तिच्यापुढे यायचे ते नुसते व्हिडिओ. त्यातही नियम असा की पोरांचे चेहरे रेकॉर्ड करायचे नाहीत, कॅमेरा बाईवरच रोखलेला हवा. म्हणजे पाय गेलेच, पोरंही गेली, उरली फक्त फळ्यापुढे बोलणारी एक बाई.

"ही काय वर्गाची पाहणी? ही तर बातम्या देणारी," आर्डिस म्हणायची.

मी म्हणायचो, "अगं, पण बातम्या बघताना तू निदान गप्प बसतेस."

"तू गोठ्यात जा, आर्लो."

मी गोठ्यात जायचो.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, एका कालवडीने घोळ घातला. वारा उत्तरेचा, पाऊस आणि बर्फ एकमेकांत कालवलेले, आणि ही बया गोठा सोडून ओढ्याच्या काठाशी जाऊन व्यायली. मी पोचलो तेव्हा वासरू अर्धं पाण्यात होतं. तोंडात बोट घातलं तर जीभ गार. तोंड गार पडलं की वेळ थोडा उरतो. मी त्याला खांद्यावर टाकलं, पिकअपच्या पुढच्या सीटवर हीटरसमोर ठेवलं आणि सरळ घर गाठलं.

आर्डिस टेबलाशी बसली होती. समोर लॅपटॉप, बाजूला गुणांचा कागद. पडद्यावर एक तरुण बाई फळ्यावर अपूर्णांक लिहीत होती.

"अंघोळीच्या टबात कोमट पाणी सोड!" मी ओरडलो.

ती उठली. तिने बंद काहीच केलं नाही, पळालीच. आम्ही दोघांनी वासरू टबात धरलं, मी डोकं वर, ती पाय चोळतेय. कोपरापर्यंत हात चिकट, अंगावर पाणी. मग त्याला स्वयंपाकघरात शेगडीसमोर पोत्यावर घेतलं. आर्डिस पाठ फिरवून चीक गरम करत होती, बाटलीचं बूच शोधत होती. मी गुडघ्यांवर बसून टॉवेलने वासराच्या बरगड्या रगडत होतो, आणि माझं तोंड नेमकं लॅपटॉपकडे होतं.

पडद्यावरच्या बाईने काहीतरी प्रश्न विचारला. मग उत्तराची वाट न बघता ती वळली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली, वर्गाकडे पाठ करून. हात मागे बांधलेले. बराच वेळ तशीच. पोरं दिसत नव्हती, पण त्यांची कुजबुज ऐकू येत होती, मग बाक सरकल्याचा आवाज. बाई जागची हलली नाही.

मला हसू आलं. कारण ते मी ओळखलं होतं. मी आठवीपर्यंत एकाच खोलीच्या शाळेत शिकलो. एक बाई, आठ इयत्ता, अकरा पोरं. आमच्या बियर्के बाई अशाच प्रश्न टाकून शेगडीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. बाई बघत नाहीत म्हटलं की धाकटी पोरं थोरल्यांकडे सरकायची, थोरली त्यांना समजावून सांगायची, आणि समजावताना थोरल्यांनाच तो हिशेब पहिल्यांदा कळायचा. बाईंना पाठीनेच सगळं ऐकू यायचं. मला भागाकार माझ्या थोरल्या बहिणीने शिकवला तो असाच.

वासराने तेवढ्यात डोकं उचललं आणि मी ते विसरलो. आर्डिसने बाटली त्याच्या तोंडात दिली, त्याने चोखली. तिने ओले हात पुसले आणि टेबलाशी जाऊन बसली. व्हिडिओ संपत आला होता. बाई अजून खिडकीशीच होती. आर्डिसने बाईचा आवाज थांबल्यापासूनची मिनिटं अंदाजाने मोजली, नाक मुरडलं, कागद पुढे ओढला आणि लिहू लागली.

मी काही बोललो नाही. मला वाटलं, तिला हे ठाऊकच असणार. एकतीस वर्षं तेच काम करतेय, मी तिला काय सांगणार? आणि खरं सांगायचं तर तिच्या कामात तोंड घातलं की ती मला गोठ्याची वाट दाखवते, त्याचाही थोडा राग होता मनात.

गुरुवारी जेवताना विषय निघाला. बटाटे घातलेला बीफचा रस्सा होता, आणि आर्डिस बऱ्याच दिवसांनी खुशीत होती. शुक्रवारी कॉलेजची समिती बसणार होती, हा ऑनलाइन प्रकार पुढे चालवायचा की वर्ग परत सुरू करायचे ते ठरवायला. आर्डिसने त्यांना चार पानी पत्र लिहिलं होतं.

"आणि या वेळी नुसती मतं नाहीत," ती म्हणाली. "पुरावा दिलाय. त्या मंगळवारच्या मुलीचा. ट्रेसा लिंडाल. वर्ग चालू असताना सात मिनिटं खिडकीबाहेर बघत उभी! मागे पोरांचा दंगा. पडद्यावरून शिकवलेली बाई कशी निघते, ते बघा म्हणावं."

"नापास केलीस?"

"मग काय हार घालू?"

"आता तिचं काय होणार?"

"शिकवायच्या तात्पुरत्या परवान्यावर आहे ती. महिनाअखेर तो संपेल. लांबची शाळा आहे, सात पोरं. दुसरी बाई मिळणं कठीण आहे म्हणतात. मग शाळा बंद करतील आणि पोरांना गावात धाडतील."

"किती लांब?"

"एका बाजूने बावन्न मैल."

सहा वर्षांचं पोर सकाळी अंधारात निघणार.

"ती काही बोलली?"

"दोन शब्द. 'ठीक आहे, बाई.' भांडलीसुद्धा नाही. भांडायला तोंड लागतं."

मग मी सांगितलं. बियर्के बाईंचं, शेगडीचं, माझ्या बहिणीचं, सगळं. आर्डिस ऐकत गेली तसतसा तिच्या हातातला चमचा खाली आला. ती बिलिंग्जसारख्या शहरात वाढलेली, प्रत्येक इयत्तेला वेगळी खोली आणि वेगळी बाई. एका खोलीची शाळा तिने पाहिली होती, पण तीत बसलेली नव्हती.

"हे तू मंगळवारी का नाही बोललास?"

"मला वाटलं तुला माहीत असेल."

"तुला वाटलं!" ती उठली आणि रागाने ताटं उचलू लागली. माझं अजून संपलं नव्हतं तरी माझंही उचललं. मग सिंककडे तोंड करून म्हणाली, "उद्या आपण जाऊ. मी स्वतः बसून बघते. पोरांचे पाय बघितले की मला कळेल. हे असं पडद्यावर काही कळत नाही, तेच तर मी सांगतेय सगळ्यांना."

व्यायचा हंगाम सोडून दिवसभर बाहेर जायचं म्हणजे काय, ते रँचवाल्यालाच कळेल. शेजारचा विल्बर गाई बघायला तयार झाला, मोबदल्यात पुढच्या आठवड्यात मी त्याच्या. त्याने आर्डिसला विचारलं, "अहो, ते कॉम्प्युटरवर होतं ना आता सगळं?" आर्डिसने त्याला गोठ्याची वाट दाखवली.

नव्वद मैल. त्यातले शेवटचे अठरा कच्चे. वरचा थर उन्हाने वितळलेला आणि खाली काळी गंबो माती, ओली झाली की चाकाला अशी चिकटते की चाक चाक राहत नाही. दोनदा उतरून फावड्याने चिखल खरवडावा लागला. दुसऱ्यांदा आर्डिसही उतरली आणि तिचा एक बूट मातीतच राहिला. एका पायावर उभी राहून माझ्या खांद्याला धरून ती म्हणाली, "ही मुलगी इथून रोज जाते?"

"इथूनच. कॉलेजला यायचं तर तुमच्याकडे अजून ऐंशी मैल."

मी बूट उपसून काढला.

शाळा म्हणजे पांढऱ्या लाकडाची एक खोली, झेंड्याचा खांब, दोन झोके. ट्रेसा दारात आली. सत्तावीस-अठ्ठावीसची, रुंद खांद्यांची, हाताला खडू. आर्डिसला बघून तिचा चेहरा उतरला.

"हॉगन बाई! तुम्ही... इतक्या लांब?"

"शिकवत राहा. मी नाहीच असं समज."

हे बोलणं किती पोकळ होतं ते मला पाचच मिनिटांत कळलं. मी दाराजवळ कोटांच्या खुंट्यांखाली बसलो. आर्डिस नेहमीसारखी पोरांच्या मधोमध छोट्या खुर्चीत, गुडघे छातीशी. सातही पोरं ताठ. कॉलेजच्या बाई आल्यात, आपल्या बाईंना नापास करणाऱ्या, हे त्यांना ठाऊक होतं. इतक्या लहान वस्तीत लपतं काय? ट्रेसा फळ्यापुढून हलली नाही. भरभर बोलत गेली, प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देत गेली. खिडकीकडे तिने एकदासुद्धा पाहिलं नाही. बारा-तेरा वर्षांची एक मोठी मुलगी होती, मॅरेन नावाची. तिच्या शेजारचा छोटा गोंधळून तिच्याकडे बघायचा, ती मान हलवून नको म्हणायची. बाकांखाली चौदा पाय एका रेषेत, जोडलेले, गप्प.

अर्धा तास आर्डिसने ते पाय बघितले. मग ती हळूच उठली, माझ्याजवळून बाहेर गेली आणि पिकअपमध्ये जाऊन बसली. मी मागोमाग गेलो.

"वाईट शिकवते," मी म्हणालो. खोटं कशाला बोला?

"माझ्यासाठी शिकवते," आर्डिस म्हणाली. "पोरंही माझ्यासाठी बसलीत." ती काचेतून त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिली. वाऱ्याने गाडी हलत होती. "आर्लो, ते पाय नेहमीच असे असतील का रे? मी बसायचे तेव्हा?"

मी हीटर वाढवला.

थोड्या वेळाने ती उतरली, दाराशी जाऊन ट्रेसाला बाहेर बोलावलं. वाऱ्यामुळे दोघी ओरडून बोलत होत्या, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मला व्हिडिओ कॉल लाव आणि तुझा लॅपटॉप पोरांच्या बाजूने वळवून मागच्या कपाटावर ठेव. मी इथे गाडीत बसून बघते."

"पण बाई, पोरं दिसता कामा नयेत, असा नियम आहे."

"रेकॉर्ड करू नकोस. मी अंगणातच आहे, निघून जाणार नाही. पोरांना सांग, कॉलेजच्या बाई गेल्या."

"गेलात म्हणून सांगू?"

"गाडी झाडांमागे घेतो आम्ही."

नव्वद मैल चिखल तुडवून प्रत्यक्ष बघायला आलेली माझी बायको कॉटनवुडच्या झाडांआड, शाळेपासून साठ पावलांवर, मांडीवर आपला लॅपटॉप घेऊन बसली. शाळेचं इंटरनेट तिथवर जेमतेम पोचत होतं. एरवी मी महिनाभर चिडवलं असतं. त्या दिवशी नाही.

पंधरा मिनिटं काही घडलं नाही. मग पोरं सैल पडली. एकाने बूट काढला. ट्रेसाने फळ्यावर गणितं लिहिली. आकडे मला नीट आठवत नाहीत, अपूर्णांकच होते, मोठ्यांना एक गणित आणि छोट्यांना दुसरं. आणि ती वळली. खिडकीशी गेली. हात मागे बांधले.

तो छोटा मॅरेनच्या बाकाकडे सरकला. खुर्चीवर नाही, जमिनीवरून, ढुंगणावर घसरत. मॅरेनने आपली पट्टी काढून बरोबर मध्यावर दोन बोटांत धरली आणि त्याला काहीतरी दाखवू लागली. मध्येच अडली. स्वतःशी पुटपुटली, खोडलं, पुन्हा मांडलं. पलीकडे दोघांत भांडण जुंपलं, अर्धा मोठा की तीन अष्टमांश. त्यांचे पाय बाकाखाली एकमेकांना लाथा मारत होते, आणि आर्डिस त्या लाथांकडे बघत होती. खिडकीशी उभ्या ट्रेसाने एकदाच, न वळता, एक बोट वर केलं. भांडणातला आवाज लगेच खाली आला, भांडण मात्र चालूच राहिलं.

"तिला ऐकू येतंय सगळं," आर्डिस म्हणाली.

"येणारच."

"मंगळवारी हा आवाज मीही ऐकला होता." तिने लॅपटॉप मिटला. "दंगा लिहिलं मी त्याला."

मग ती बोटांनी मांडीवरचा वाळलेला चिखल खरवडू लागली. म्हणाली, "वर्गात बसून बघत असते ना, तर वासरू काय, घर जळत असतं तरी उठले नसते. व्हिडिओ होता म्हणून उठले. त्यात बघण्यासारखं काही नसणारच, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं."

मला वाईट वाटलं. तिच्यासाठी, आणि त्याहून जास्त त्या साठ पावलांवरच्या मुलीसाठी.

मधली सुट्टी झाली. पोरं झोक्यांकडे धावली आणि ट्रेसा कोट न घालताच आमच्याकडे आली. आर्डिस उतरली.

"तू पास आहेस," ती म्हणाली. "निकाल बदलायचा अर्ज मी बरोबर आणलाय."

ट्रेसाने डोळे मिटले आणि उघडले. रडेल असं मला वाटलं, पण रडली नाही. आर्डिसने अर्ज पिकअपच्या बॉनेटवर ठेवून भरला. बोटं गारठलेली, पेन चालत नव्हतं. शेवटी 'कारण' असं लिहिलेला एक चौकोन होता. त्यात तिने लिहिलं, प्रत्यक्ष पाहणी केली असता अध्यापन समाधानकारक आढळले. मग कागद ट्रेसासमोर धरला.

ट्रेसाने वाचला. परत एकदा वाचला.

"पण बाई, प्रत्यक्षात तर मी आज वाईट शिकवलं."

"हो, पण नंतर..."

"नंतर तुम्ही गाडीत होतात. मी दोन वर्षं पडद्यावरच शिकलेय. दुसरी सोय नव्हती मला. दोन-तीन दिवस सगळी वस्ती म्हणतेय, पडद्यावर शिकलेली बाई, नापास होणारच. हा कागद वाचला तर म्हणतील, खऱ्या बाई येऊन बघून गेल्या म्हणून सुटली. बाई, एक विचारू? मंगळवारचा व्हिडिओ तुम्ही पूर्ण बघितला होतात?"

आर्डिस माझ्याकडे बघेल असं वाटलं. मी बुटांकडे बघत राहिलो. 'हो' म्हणाली असती तर खोटं पाडणारा मी एकटाच होतो, आणि मी पाडलं नसतं. हे तिलाही माहीत होतं.

"नाही," आर्डिस म्हणाली. "मधला बराच भाग, ती सात मिनिटं धरून, मी बघितलाच नाही. घरात गारठलेलं वासरू आलं होतं. आणि नंतर परत लावूनही बघितलं नाही."

ट्रेसाने मान डोलावली. रँचवरची पोरगी, वासराचं तिला समजत होतं. पण ती मागे हटली नाही.

"मग तसं लिहा."

तो कागद त्याच समितीकडे जाणार होता, जिच्यासमोर आर्डिसचं चार पानी पत्र दुपारी वाचलं जाणार होतं. पत्रातला पुरावा म्हणजे ही मुलगी. मी घड्याळ बघितलं, साडेअकरा. फोटो काढून फोनवरून धाडला तर वेळेत पोचला असता.

आर्डिसने पिशवीतून दुसरा कोरा अर्ज काढला. पेन तोंडाजवळ धरून फुंकर मारली. सगळे रकाने पुन्हा भरले, ट्रेसाचं नाव, शाळेचं नाव, तारीख. चौकोनात तिने लिहिलं, अध्यापन उत्तम होते. तपासणाऱ्या व्यक्तीने व्हिडिओ पूर्ण पाहिला नव्हता. अक्षर तिचंच होतं, फळ्यावरचं, गोल आणि मोठं. लिहून झाल्यावर तिने पेनाला टोपण लावलं आणि कागद पुढे केला.

ट्रेसाने तो दोन्ही हातांत धरून सावकाश वाचला. वाऱ्याने फडफडत होता. मग तिने तो परत बॉनेटवर ठेवला आणि तळाच्या रेघेवर बोट टेकवलं.

"सही राहिली, बाई."

आर्डिसने पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.